टाटाला नंबर लागला

आमच्या निफाडचं नाव महाराष्ट्राच्या कानावर दोनच कारणांनी पडतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली घसरला की, नाहीतर तालुक्यातल्या लासलगावचा कांदा वर चढला की. एरवी आम्ही न्यायमूर्ती रानड्यांवर भागवतो. 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे निफाडला जन्मले आणि आमच्या समस्त सूत्रसंचालकांची सोय झाली. शाळेचं गॅदरिंग असो की ठिबक सिंचनाच्या पाइपांचं प्रदर्शन, 'रानड्यांच्या या पावन भूमीत' म्हटल्याशिवाय माइक सुरूच होत नाही.

अशा पावन भूमीतली मुलगी बी.एच.एम.एस. झाली की तिने पुढे काय करायचं हे गावाने ठरवून ठेवलेलं असतं. स्टँडजवळ गाळा घ्यायचा, पाटी लावायची, साबुदाण्याच्या गोळ्या द्यायच्या आणि पाटीवरचं आडनाव बदलायला फार उशीर करायचा नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाळा बघूनही ठेवला होता. खाली मेडिकल आणि शेजारी चहाचं दुकान, म्हणजे पेशंटला बसवून ठेवायची उत्तम व्यवस्था. तेवढ्यात मी जाहीर केलं, की मला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स करायचंय.

घरात शांतता पसरली. आजीने ती मोडली. "हे डॉक्टरच्या वर का डॉक्टरच्या खाली?"

"बाजूला," मी म्हणाले.

बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे फारसा आदर नाही. मी समजावून सांगू लागले. ऑपरेशन थिएटर कुणाला किती वाजता द्यायचं, रात्रपाळीला किती नर्स लागतील, औषधं संपायच्या आत कुणी मागवायची, कचऱ्याचं काय करायचं, हे सगळं कुणीतरी बघावं लागतं. मळलेली ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्यात, असा 2016 सालचा सरकारी नियमच आहे, हेही सांगितलं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पाच वर्षं डॉक्टरकी शिकून तू आता कचरा निवडणार."

मग मी रानडे काढले. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच होती.

"निफाडचे न्यायमूर्ती होते," अप्पा म्हणाले. "रमाबाई साताऱ्याकडच्या."

या घरात माझी बाजू कुणाला कळली असेल तर ती नानांना. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं शिक्षण दहावी, व्यवसाय द्राक्षं आणि खरी ओळख म्हणजे पिशवी. गावात कुणालाही नाशिकच्या दवाखान्यात न्यायचं झालं की आधी गाडी सांगतात आणि मग नानांना. नाना खुंटीवरची कापडी पिशवी उचलतात. तिच्यात आधार, रेशनकार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स, दोन पेनं, स्टेपलर, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर आणि सुटे पैसे कायम भरलेले असतात. महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र कुठल्या दवाखान्यात जिन्याखाली बसतो आणि कुठल्या दवाखान्यात फार्मसीच्या मागे, हे त्यांना पाठ. सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं आणि रक्ताला उपाशीपोटी, हे ते पेशंटला गाडीतच सांगतात. सिस्टरला 'ताई', वॉर्डबॉयला 'भाऊ' आणि बिलिंगवाल्याला 'साहेब' म्हणायचं, हा त्यांचा प्रशासनाचा पहिला धडा.

नानांचा कस लागला तो अप्पांच्या पित्ताशयातल्या खड्यांच्या वेळी. ऑपरेशन उत्तम झालं. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "आज सोडू या." अप्पांनी लगेच पायजमा बदलला. ही घाई होती. फाइल वॉर्डातून निघायला सिस्टरची सही हवी होती आणि सिस्टर नव्या पेशंटला घ्यायला गेल्या होत्या. सही झाल्यावर उरलेली इंजेक्शनं मेडिकलला परत करायची होती. मेडिकलवाल्याने ती मोजून घेतली, पण पावती बिलिंगला जायची राहिली. लॅबचा एक रिपोर्ट बिलात दोनदा लागला होता, तो काढायला लॅबच्या माणसाचा फोन हवा होता आणि लॅबचा माणूस जेवायला गेला होता. हे सगळं जुळल्यावर बिल विमा कंपनीकडे गेलं आणि कंपनीने उलट प्रश्न पाठवला, की हे खडे नेमके किती दिवसांपासून होते?

"मला त्यांनी कळवलं नव्हतं," पायजमा घालून बसलेले अप्पा म्हणाले.

दिवे लागणीला आम्ही बाहेर पडलो. अप्पांनी तोवर त्या दवाखान्यातल्या प्रत्येकाचा उद्धार केला होता. मला मात्र एक गोष्ट दिवसभर दिसत होती. तिथला एकही माणूस रिकामा बसलेला नव्हता. सिस्टर धावत होत्या, मेडिकलवाला मान वर करत नव्हता, बिलिंगचा मुलगा एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने टाइप करत होता. थांबली होती ती फक्त फाइल, या टेबलाकडून त्या टेबलाकडे जायच्या वाटेवर. प्रत्येक टेबल कुणाचं तरी होतं, मधली वाट कुणाचीच नव्हती. ती वाट नाना चालत होते, पायात चप्पल आणि खांद्याला पिशवी घेऊन. पगार शून्य.

पुढे 2024 साली विमा नियामकाने नियम काढला, की कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. मी तो नानांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "तीन तास घड्याळातले का दवाखान्यातले?"

तर शिकायचं हे नक्की झालं. कुठे शिकायचं, हे ठरवायला मात्र सगळा गोतावळा पुढे सरसावला. पिंपळगावच्या मामांनी एकदम दिल्लीचं एम्स सुचवलं. तिथे हा विषय आहे खरा, पण तो एम.डी. म्हणून आणि एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी. हे कळल्यावर मामांनी एम्सला नापास केलं. मावशीचं म्हणणं, जयपूरची आय.आय.एच.एम.आर. हेच शिकवते आणि संस्था 1984 सालची, म्हणजे जुनी आणि भरवशाची. आजीचं म्हणणं, जयपूरला उन्हाळ्यात माणसं वाळतात. न्यू जर्सीच्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर तासभर अमेरिका समजावून सांगितली. शिकागो विद्यापीठाने 1934 सालीच हा अभ्यासक्रम सुरू केला होता, आता तिकडे अशी कॉलेजं गावोगाव आहेत, वगैरे. अप्पांनी फीचा आकडा विचारला. आमच्या घरात मोठ्या रकमांचा हिशेब रुपयांत होत नाही, क्विंटलांत होतो. अप्पांनी डॉलरचे रुपये केले, रुपयांचा कांदा केला आणि म्हणाले, "एवढा कांदा तर अख्ख्या निफाडात पिकत नाही." मावसभावाचं नेटवर्क तेवढ्यात गेलं.

उरले राज्यातले पर्याय. सरकारी एम.बी.ए. सी.ई.टी. आणि तिचे कॅप राउंड, पुण्याच्या सिंबायोसिससाठी स्नॅप, मुंबईच्या देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था अर्थात टिस, तिच्यासाठी तेव्हा सी.यू.ई.टी. स्नॅपमध्ये 60 मिनिटांत 60 प्रश्न सोडवायचे असतात. आमच्या होमिओपॅथीत पेशंटला स्वप्नं कसली पडतात, हे विचारायलाच तेवढा वेळ लागतो.

फॉर्म भरायचे दिवस म्हणजे ऐन थंडीचे. पहाटे अप्पा आणि नाना द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून धूर करायचे, थंडीने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मी घरात गोधडी पांघरून लॅपटॉपशी झगडायची. फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत. फोटो लहान केला की मी ओळखू येईना आणि मी ओळखू आले की फोटो चढेना. मध्येच लाइट जायची. शिवाय पदवी आणि फॉर्म यांच्यात रिकामं गेलेलं वर्ष, त्याचं गॅप सर्टिफिकेट. या वर्षात मी कुठेही शिकले नाही, हे स्टँप पेपरवर शपथेवर लिहून द्यायचं. ज्या गोष्टीबद्दल घरात रोज बोलणी खात होते, तिचा अधिकृत दाखला मिळवायला मला तहसील कचेरीसमोर दिवस काढावा लागला.

शिफारसपत्र हा आणखी एक प्रकार. कॉलेजातल्या एका सरांना फोन केला. ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." स्वतःची स्तुती स्वतः लिहायची म्हणजे मराठी माणसाला संकट. मी आधी 'विद्यार्थिनी बरी आहे' असं लिहिलं. मैत्रिणीने ते फाडलं आणि मला नेतृत्वगुण, दूरदृष्टी आणि संघभावना बहाल केली. सरांनी चष्मा लावून ते पत्र शेवटपर्यंत वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "एवढी होतीस तर वर्गात दिसली कशी नाहीस?" आणि सही केली.

हा विषय का निवडलात, यावरचा निबंध मात्र मी कुणालाही विचारून लिहिला नाही. बाजारात तयार मिळणाऱ्या निबंधांत सगळ्यांना लहानपणापासून मानवजातीची सेवा करायची असते. मी अप्पांचे खडे, वाटेवरची फाइल आणि नानांची पिशवी लिहिली. शेवटी लिहिलं, की दवाखाना चांगला चाललाय हे कसं ओळखायचं? तर तिथे पेशंटबरोबर आलेल्या माणसाला पेशंटच्या उशाशी नुसतं बसता आलं पाहिजे.

एका संस्थेच्या मुलाखतीत मात्र तो निबंध कुणी उघडलाच नाही. फाइलवर पत्ता वाचून एका सरांनी विचारलं, "निफाड म्हणजे लासलगावच्या जवळ का?" मी म्हटलं, "लासलगाव निफाड तालुक्यातच येतं." बस्स! पुढची सगळी मुलाखत कांद्यावर झाली. भाव कधी उतरणार, निर्यातबंदी बरोबर की चूक, चाळीत किती महिने टिकतो. शेवटी मॅडमनी आरोग्यावर एकच प्रश्न विचारला, कच्चा कांदा खाल्लेला खरंच चांगला का? तिथे माझं नाव वेटिंग लिस्टवर लागलं. बहुधा भाव उतरायची वाट बघत असावेत.

आणि एका रात्री ईमेल आला. टिसमध्ये निवड झाली होती. सकाळी आजी ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागली, "आमच्या पोरीचा टाटाला नंबर लागला."

आता 'टाटाला' म्हटलं की अख्ख्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल उभं राहतं, हे आजीच्या लक्षात आलं नाही. दुपारपर्यंत शेजारच्या काकू सफरचंदं आणि बिस्किटचा पुडा घेऊन आल्या. मला पाटावर बसवून डोक्यावरून हात फिरवला.

"कधी कळलं गं?"

"काल रात्री. ईमेल आला."

"आता असं मेलवरच कळवू राहिले का? अन् स्टेज कंची?"

"पहिली मार्चमध्ये झाली. आता दुसरीही पार झाली, काकू."

"अगं बाई! पहिल्या टायमालाच घरच्यांनी लक्ष नाही दिलं?"

"घरच्यांना आधी पटतच नव्हतं."

काकूंचा आवाज बारीक झाला. "मग... किती दिवस सांगितले?"

"दोन वर्षं," मी आनंदाने म्हणाले. "त्यानंतर मी मोकळी!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. खुलासा होईपर्यंत ओट्यावर आणखी तीन बायका आणि शहाळ्यांची एक जोडी आली होती. मग मला भर दुपारी दोराबजी टाटा ट्रस्टचा इतिहास सांगावा लागला. याच ट्रस्टने 1936 साली समाजकार्याची शाळा काढली, तिची पुढे टिस झाली. याच ट्रस्टने 1941 साली परळचं हॉस्पिटल सुरू केलं. बाप एक, लेकरं दोन. एक शिकवतं आणि दुसरं बरं करतं. बायकांना ते पटलं. शहाळी मात्र परत नेली.

पुण्याचंही पत्र हाताशी होतं, तेव्हा निवड बाकी होती. अप्पा म्हणाले, पुणं बरं. मामा म्हणाले, पॅकेज बघ. मी दोन्हीकडच्या जुन्या मुलामुलींना फोन लावले आणि पॅकेज, ग्रंथालय, कॅन्टीन सोडून एकच विचारलं, की डिस्चार्जच्या फाइलमागे तू स्वतः कधी चाललास का? पुण्याचा मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला, आपल्यावर अवलंबून असतं. देवनारची मुलगी बराच वेळ हसली. म्हणाली, "इंटर्नशिपला महिनाभर तेच केलं. चप्पल चांगली घेऊन ये." मी देवनार पक्कं केलं. द्राक्षाच्या व्यापाऱ्याने त्या वर्षी फोन बंद न करता पैसे दिल्यामुळे फीसुद्धा मुदतीत भरली गेली.

निकाल नानांना सांगायला बागेत गेले. निबंधाचा शेवटही वाचून दाखवला, पेशंटबरोबरच्या माणसाला उशाशी बसता आलं पाहिजे तो. नानांनी कात्री खाली ठेवली. "म्हंजे तू शिकून आली की माझं काम बंद?"

"तसंच म्हणा."

"मग लवकर शिक," नाना म्हणाले. "गुडघे दुखू राहिले."

प्रवेशाच्या दिवशी अर्थातच तेच बरोबर आले, पंचवटी एक्स्प्रेसने, पिशवीसकट. कागद तपासणीच्या रांगेत माझ्यापुढच्या मुलाची झेरॉक्स कमी पडली, नानांनी दुकान दाखवलं. मागच्या मुलीचं मायग्रेशन सर्टिफिकेट सुटं होतं, नानांनी स्टेपलर काढला. मी फॉर्म भरून वळून बघते तो नानांभोवती पालकांचं कोंडाळं. कुठला कागद वर, कुठला खाली, सही कुठे आणि फोटो कुठे, हे नाना सगळ्यांना समजावत होते आणि तीन जिल्ह्यांचे पालक माना डोलवत होते. नागपूरकडच्या एका गृहस्थांनी आदराने विचारलं, "सर, आपण इथे शिकवता का?"

"नाही हो," नाना म्हणाले. "माझं शिकून झालंय. पोरगी राहिली होती."