दाजी, दाबू का? : घरच्या घरी ट्रकदुरुस्ती, नवशिक्यांसाठी

ज्यांनी नुकताच जुना ट्रक घेतला आहे, ज्यांचा पहिला हप्ता कसाबसा गेला आहे आणि दुसरा जायच्या आत गॅरेजवाल्याने ज्यांच्या हातात इस्टिमेट ठेवलं आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. इस्टिमेट वाचताच माणूस स्वावलंबी होतो. 'एवढं तर आपण घरी करू' हे वाक्य तोंडून निघालं की प्रवेश पक्का. शिक्षणाची अट नाही.

उदाहरणादाखल आपण टाटा ४०७ घेऊ. १९८६ साली ही गाडी आली, पुण्यात बनली, आणि कांदा, द्राक्षं, विटा, मंडपाचे बांबू, झालंच तर लग्नाचं वऱ्हाड, असं सगळं तिने वाहिलं. दहा टायरवाले तिला टेम्पो म्हणतात, म्हणू द्या. नवशिक्याला ती बरी पडते. एक तर तिचे ब्रेक तेलावर चालतात, दुसरं म्हणजे गिअर हाताने टाकायचे असतात, आणि जिथे धड एटीएम नाही अशा गावातही तिचा पार्ट मिळतो.

साहित्य : पान्यांचा सेट, चाक पाना, पकड, ग्रीस गन, जॅक, दोन घोड्या, हातभर पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, चाकांना लावायला दगड आणि एक मेहुणा. पाने बहुतेक घरी असतातच, कारण खंडेनवमीला पूजेत मांडायला लागतात. त्यांचं हळदकुंकू पुसून घ्या. घोड्या मात्र कुणाच्याच घरी नसतात आणि नवशिक्या नेमक्या त्याच टाळतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी घोडी असते. घोडीच्या जागी विटा रचणारे पुष्कळ भेटतील. वीट फुटण्याआधी सूचना देत नाही, एवढं त्यांना सांगा आणि स्वतः बाजूला उभे राहा. मेहुणा नसेल तर पुतण्या चालतो, पण पुतण्याच्या हातात मोबाइल असतो.

सकाळची फेरी

ट्रकवाला सकाळी काय काय करतो ते बघा. काच पुसतो, लिंबू-मिरची बदलतो, हार घालतो, उदबत्ती ओवाळतो. उदबत्ती लावताना तो गाडीपुढे वाकतोच. तसंच आणखी जरा वाकून खाली पाहिलं तर निम्मी देखभाल तिथेच उरकते. रात्रभर गाडी जिथे उभी होती तिथे जमिनीवर काय ठिबकलंय? काळं असेल तर इंजिन ऑइल. जाड आणि नाक मुरडायला लावणारं असेल तर गिअरबॉक्सचं किंवा मागच्या अ‍ॅक्सलमधल्या क्राउनचं. पाणी असेल तर रेडिएटर. आणि चाकाच्या आतल्या अंगाला, टायरवरून ओघळलेलं पातळ, पिवळसर काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. अशा वेळी चावी खिशात ठेवा. गाडी हलवायची नाही, 'फक्त कोपऱ्यापर्यंत'सुद्धा नाही.

ही फेरी फुकट असते. म्हणूनच बहुधा कुणी मारत नाही. मागच्या फळीवर नाव रंगवायला, टेपला, गोंड्यांना पैसे असतात. ब्रेक ऑइलची बाटली मात्र पासिंगच्या आदल्या दिवशी आठवते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग असतं, म्हणजे तितक्या वेळा गाडी एका दिवसापुरती निरोगी होते. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तेव्हा रंगाचा खर्च थोडा वाचला असेल. तो ब्रेककडे वळल्याचं ऐकिवात नाही.

ब्रेक

आधी ब्रेक ऑइलची ओळख करून घ्या. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. मॅन्युअल सांगेल तेच आणायचं. हे ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं. कोरडं, ताजं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची हमी १५५ वर येते. डॉट ३ चं तेच २०५ वरून १४०. आता कोकणातला पावसाळा डोळ्यांपुढे आणा आणि डॅशबोर्डवर गणपतीच्या पायाशी झाकण हरवून पडलेली ती अर्धी बाटली आठवा. ती टाकून द्या. गाडीतलं ऑइलही साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो. 'आईचा आशीर्वाद' या अक्षरांवर सांडलं तर आशीर्वादही जातो.

बाटली नाही म्हणून ब्रेकमध्ये इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतणारा महाभाग रस्त्यात भेटेलच. त्याने आतली रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळी किटं बदलावी लागतात. साबणाचं पाणी चालतं म्हणणाराही भेटेल. त्याला चहा पाजा, बाटली दाखवू नका.

ब्रेकमधली हवा काढणं हे या अभ्यासक्रमातलं मुख्य प्रात्यक्षिक. पॅडल स्पंजासारखं लागत असेल, दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर पाइपात हवा शिरली आहे. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून तुम्ही मारलेला ब्रेक चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी हवेतच जिरतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं हा क्रम. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

मेहुणा केबिनमध्ये, तुम्ही खाली. नळीचं एक टोक चाकामागच्या, हवा काढायच्या निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. हुकूम तीनच : दाब, धर, सोड. त्याने दाबून धरलं की तुम्ही निपल सैल करायचं. बुडबुड्यांसकट तेल बाहेर येईल आणि पॅडल खाली जाईल. निपल पुन्हा आवळायचं आणि मगच म्हणायचं, सोड. आवळायच्या आत त्याने पाय उचलला तर बाहेर काढलेली हवा आत परत.

कागदावर हे सोपं आहे.

"दाजी, दाबू का?"

"दाब."

"दाबला."

"धर."

"काय?"

"धर म्हणतोय!"

"धरलाय ना. सोडू का?"

'सोडू का' यातला 'का' ट्रकखाली पोहोचत नाही, आणि 'सोडू नको' यातला 'नको' केबिनपर्यंत जात नाही. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा कुणी फोनवर 'सोड ना यार' म्हणतो आणि मेहुणा पाय उचलतो. पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी ठरवून घ्या : तुम्ही त्याचं नाव घेऊन सांगाल तोच हुकूम, आणि प्रत्येक हुकूम त्याने मोठ्याने परत म्हणायचा. 'दाबलंय.' 'धरलंय.' हे लष्करी वाटलं तरी चालेल. बहिणीच्या नवऱ्यावर ओरडण्याची संधी मेहुण्यालाही क्वचितच मिळते, तो मनापासून करतो.

या वेळात मास्टर सिलिंडरला ऑइल पुरवणारी वरची बाटली रिकामी होऊ द्यायची नाही. ती तळाला गेली की हवा वरूनच आत शिरते आणि चारही चाकं पुन्हा नव्याने. त्यासाठी सासरेबुवांना नेमा. काम एकच : बाटलीकडे बघायचं, कमी झालं की सांगायचं, आणि दुसरं काहीही बोलायचं नाही. यातलं शेवटचं त्यांना जमणार नाही.

एव्हाना गाडीभोवती चार माणसं जमलेली असतात. त्यांच्यातला एक आयुष्यभर बैलगाडीच हाकलेला असतो आणि सर्वांत ठाम तोच बोलतो. ड्रम उघडाल तेव्हा ही समिती विशेष जोरात येते. हब सीलमधून ऑइल झिरपून लायनर चोपडे झाले असतील तर 'पेटवून द्या, ऑइल जळून जाईल' असा ठराव मांडला जातो. ऐकू नका. चोपडा लायनर गेला म्हणजे गेला. सील बदला, आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपाने उडवूही नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत राहतं. ओलं करून पुसा. आणि एका वेळी एकच बाजू उघडा. कुठली स्प्रिंग कुठे होती हे विसरलात तर दुसऱ्या बाजूला पाहता येतं. दोन्ही एकदम उघडणाऱ्याला शेवटी त्या समितीलाच विचारावं लागतं.

ब्रेकची खरी देखभाल घाटात होते आणि तिला पाना लागत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच विद्येमुळे पुन्हा पुन्हा बातम्यांत येतो. गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायलाच डिझेल जाळावं लागतं. म्हणजे वाचवलं काय? आणि इंजिनच बंद केलंत तर ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्युम देणारा पंपही थांबतो. एक-दोनदा ब्रेक लागतो, मग पॅडल दगड होतं. सगळा भार ब्रेकवर आला की ड्रम तापतात, ते ओल प्यायलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि पाय थेट फरशीला टेकतो. खंबाटकी असो नाहीतर कसारा, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

गिअर ऑइल

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी आधी इशारा. त्यातला अमेरिकन गृहस्थ आपल्या ऑटोमॅटिक पिकअपचं बॉनेट उघडतो, एक दांडी उपसतो आणि लालचुटूक तेलाची पातळी बघतो. ४०७ मध्ये ती दांडी शोधू नका. आपल्या गिअरबॉक्सला दोन प्लग असतात, भरायचा बाजूला आणि रिकामा करायचा तळाला. पातळी बघायची ती बोटाने.

आधी भरायचा प्लग उघडा. हे वाक्य दोनदा वाचा. आधीच्या मालकाने तो पाइप लावून आवळला असेल आणि तो उघडलाच नाही, तर निदान जुनं ऑइल अजून आत आहे. तळाचा प्लग आधी काढणारे मग कोरड्या गिअरबॉक्सशेजारी छिन्नी-हातोडा घेऊन बसलेले दिसतात.

गाडी थोडी फिरवून आणा, ऑइल कोमट झालं की भराभर निघतं. सपाट जागी उभी करा. तळाच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर चिकटलेलं बघा : काजळासारखा लगदा असेल तर पुसून टाका, दाताएवढे तुकडे असतील तर स्वावलंबन इथेच संपलं. नवीन ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरायचं, बाहेर ओघळू लागलं की बस. 'जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथे चालत नाही. जादा ऑइल सीलमधून सुटतं आणि क्लच प्लेटवर जाऊ शकतं. ऑइल ८०डब्ल्यू-९० असलं तरी त्यापुढचं जीएल-४ की जीएल-५ हेही मॅन्युअलमध्ये बघा. क्राउनसाठी बनवलेल्या जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. दुकानदार म्हणेल, सगळं एकच असतं. त्याच्याकडे एकच असतं.

या ऑइलला गंधकाचा वास असतो. कपडे वेगळे ठेवा आणि घरात शिरण्याआधी मनाची तयारी ठेवा.

मोठी गाडी असेल तर

हवेच्या ब्रेकच्या गाडीत तुमचं काम टाकीखालची कडी ओढून रोज साचलेलं पाणी सोडून देणं, एवढंच. फुस्स होईल, समाधान वाटेल. मागच्या अ‍ॅक्सलवर पार्किंग ब्रेकचे डब्यासारखे चेंबर दिसतात. त्यांत दाबून बसवलेली ताकदवान स्प्रिंग असते आणि डबा उघडणाऱ्याचा ती जीव घेऊ शकते. तिथे कुठलाही पाना लावायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

चाचणी

उसाचा हंगाम संपल्यावर साखर कारखान्याचं आवार ओस पडतं. परवानगी घेऊन तिथे जा, गाडी रिकामी न्या. आधी इंजिन बंद ठेवून पॅडल काही वेळा मारा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. मग ताशी दहाच्या वेगाने ब्रेक. गाडी डावीकडे ओढत असेल तर उजवा ब्रेक ढिला आहे किंवा डावा आवळलेला. थोडी फिरवून झाल्यावर ड्रमजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर ते घासत चाललंय. हात जवळ न्यायचा आहे, लावायचा नाही. सासरेबुवा लावतील.

उरलं जुनं ऑइल. जळकं ऑइल नाल्यात ओतायचं नाही, अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यायचं. ते मागायला गावातली माणसं आपण होऊन येतात. कुणाला सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायचं असतं, कुणाला कुंपणाच्या लाकडाला. जुनं ब्रेक ऑइल मात्र कुणी मागत नाही. ते वेगळ्या डब्यात भरा, वर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. ते विषारी असतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात भरू नका. दिवसभर पॅडल दाबून मेहुणा तहानलेला असतो.