सांग की नाव काकांना!

लहान मुलाला नाव विचारायची आपली एक रीत आहे. "नाव काय रे तुझं?" म्हणायचं, लगेच "सांग की काकांना" असा आग्रह करायचा, आणि ते तोंड उघडणार तोच आपणच सांगून मोकळं व्हायचं, "चिन्मय!" आमच्या वहिनींची सगळी नोकरी या एका सवयीशी भांडण्यात गेली.

वहिनी स्पीच थेरपिस्ट. वांद्र्याला कर्णबधिरांसाठी १९८३ साली निघालेल्या अली यावर जंग संस्थेत त्या शिकल्या, तरी नातेवाइकांत 'मुक्यांच्या शाळेतल्या बाई'च राहिल्या. लोकांना वाटे, त्या दिवसभर मुलांना बोलतं करतात. प्रत्यक्षात अर्धा दिवस आज्यांना गप्प बसवण्यात जाई. चेंडू हातात धरून त्या मुलापुढे बसत आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजत. मुलाची नजर चेंडूवर, मग वहिनींवर, ओठ जरासे हलतात न हलतात, तोच कोपऱ्यातून, "बॉल म्हण सोन्या, बॉल!" पुन्हा एकपासून.

तेव्हा श्रवणयंत्र म्हणजे छातीवरची डबी आणि कानापर्यंत वायर. आया तिच्यासाठी कापडी खिसे शिवत. पुढे यंत्र कानामागे गेलं, मग कॉक्लिअर इम्प्लांट आलं. टेबलावरचा आरसा मात्र हलला नाही. त्याच्यापुढे बसवून वहिनींनी मला एकदा आवाज न काढता 'पापा, बाबा, मामा' म्हणायला लावलं. ओठ तिन्ही वेळा हुबेहूब तसेच! ऐकू न येणाऱ्या मुलाने बापाला मामा म्हटलं, तर त्यात त्याचा काय दोष? मग 'प'ला ओठांपुढची कागदाची पट्टी फडफडवायची, 'ब'ला गळ्यावर हात ठेवायचा, 'म'ला नाकावर बोट. एका मामासाठी कधीकधी अख्खी सुट्टी जाई.

स्वमग्न मुलं तर १९९५च्या अपंग कायद्यात नव्हतीच, २०१६च्या कायद्यात आली. वहिनींच्या वर्गात मात्र आधीपासून होती. त्यांतल्याच एकाने, कधी चकार शब्द न काढलेल्याने, एका दुपारी पुढे केलेला चेंडू हाताने सारला आणि स्पष्ट म्हणाला, "नको." वहिनींनी धावत जाऊन त्याच्या आईला आत आणलं.

"दूध देऊ?" "नको." "बिस्कीट?" "नको."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि आत दोघी डोळे पुसत पुसत त्याला काय काय नको ते विचारत बसल्या होत्या.