डबा उघडण्याची पात्रता

नवी मुंबईत "तुमचं मूळ गाव कुठलं?" या प्रश्नाचा राग कुणालाच येत नाही. आगरी आणि कोळी सोडले तर इथे मूळचं असं कुणी नाहीच. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीकाठची भातशेती आणि मिठागरं हळूहळू नकाशावरच्या सेक्टरांत जाऊन बसली आणि मग आम्ही येत राहिलो. मशीद बंदरचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला, तसे त्याच्या मागोमाग सातारा-सांगलीचे माथाडी आले, बेलापूरच्या कचेऱ्यांमागून कारकून आले, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली आणि तिच्या डब्यांतून उरलेले सगळे. या येणाऱ्यांत एक जमात कुठल्याच खानेसुमारीत वेगळी मोजली गेली नाही. नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या पदवीधर बायका. पदवी ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्याही खाली असायची आणि ती बाहेर काढायचं कारण चार-दोन वर्षं सापडत नसे.

मी कराडहून नेरुळला आले ती इतिहासाची पदवी घेऊन. इतिहासाला वाशी-नेरुळात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, कारण इथे तो अजून घडायचाच होता. आमच्या गल्लीतल्या एका रो-हाउसच्या तळमजल्यावर बालवर्ग चाले. तिथल्या बाईंनी डीएड विचारलं, बीएड विचारलं, मॉन्टेसरीचा कोर्स विचारला. प्रत्येक "नाही"बरोबर मी खुर्चीच्या कडेकडे सरकत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "घरी पाठची भावंडं किती?" "तीन." "मग सोमवारपासून या." इतक्या अचूक मुलाखतीला मी पुन्हा कधी बसले नाही.

काम काय, तर शिकवणं सोडून सगळं. फळ्यासमोर टीचर उभ्या असत. मी मागे, पुढे, दाराशी, न्हाणीघराशी, जिथे कुणी नसेल तिथे. स्टीलच्या डब्यांची हवा धरून बसलेली झाकणं मी मनगटाच्या एका विशिष्ट हिसक्याने उघडायला शिकले. डाव्या पायातला उजवा बूट दारातून ओळखू लागले. शी लागलेलं मूल आणि घरी जायचं म्हणून शी लागलेलं मूल यांतला फरक चेहऱ्यावरून सांगू लागले. हे शास्त्र कुठल्या अभ्यासक्रमात नाही, आणि असतं तर मी प्रात्यक्षिकात पहिली आले असते. लेखीत बहुधा नापास.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गाकडे पाहत असताना मला नेहमी वाटे, की ही सगळी आपल्यासारखीच आलेली माणसं आहेत. पाठीवर सामान, गळ्यात वॉटरबॅग, छातीला नावाचा बिल्ला. आपलं गाव मागे राहिलंय, परतीची गाडी कधी ते ठाऊक नाही. नव्या मुलखात पाणी प्यायलासुद्धा हात वर करून परवानगी काढावी लागते, आणि कालपर्यंत ज्या नावाने अख्खं घर हाक मारत होतं ते नाव इथे कुणालाच माहीत नाही. टीचर हातावर रुमाल बांधून कावळा-चिमणी करत. मी मात्र एखाद्या हमसून रडणाऱ्याशेजारी नुसती बसत असे. कराडच्या प्रीतिसंगमावरची संध्याकाळ आठवून मला नेरुळच्या गॅलरीत जे होत असे, तेच याला होत होतं. फक्त त्याला ते मोठ्याने करायची मुभा होती. थोड्या वेळाने आमच्या दोघांचंही ओसरे.

खाडीपलीकडे, मुंबईच्या महापालिका शाळांत, १९९८ पासून 'प्रथम' संस्थेने बालसखी नेमायला सुरुवात केली होती. दहावी-बारावी झालेल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या मुली. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोन तास वेगळी घेत. खोली मिळाली तर खोलीत, नाही तर व्हरांड्यात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची मोजणी केली. बालसखीकडे गेलेल्या मुलांचे गुण वाढले. मागे वर्गात राहिलेल्यांना मात्र वर्ग मोकळा झाल्याचा काही फायदा दिसला नाही. निबंध २००७ मध्ये छापून आला आणि २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते अर्थात साऱ्या कामासाठी होतं, पण मी त्यातला व्हरांड्याचा वाटा मनातल्या मनात मोठा धरला. स्टॉकहोमला टाळ्या वाजत होत्या तेव्हा एखादी जुनी बालसखी कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल, असंही मनात आलं.

कागदाला मात्र स्वतःची चाल असते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला, महाराष्ट्रात २०१३ पासून टीईटी आली आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकांना परीक्षेची चाळणी लागली. ते रास्तच होतं. पण कायदा धरतो सहा वर्षांपासूनच्या मुलांना. त्याखालच्यांना, म्हणजे ज्यांना सांभाळणं सर्वांत अवघड त्यांना, कुणीही सांभाळू शकतं असा भाबडा विश्वास त्यात शिल्लक राहिला आणि त्या विश्वासावर आमच्यासारख्यांची चूल चालली. अंगणवाडीची गोष्ट न्यारी. तिथे मदतनीस व्हायचं तर स्थानिक रहिवासी असावं लागतं. आमच्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या बाईंनी अर्ज करायचं ठरवलं तेव्हा आम्ही दोघी रेशनकार्ड, वीजबिल आणि भाडेकरार जमिनीवर मांडून बसलो होतो. या शहरात स्थानिक असणं सिद्ध करायचं, म्हणजे समुद्राने आपण खारट असल्याचा दाखला तलाठ्याकडून आणायचा.

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी याच बालवर्गात माझ्या हाताखालून गेली. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाली, लग्न करून इंग्लंडात लीड्सला गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिची पदवी तिच्या सुटकेसच्या तळाशी गेली. मग शेजारच्या प्राथमिक शाळेत ती मुलांची वाचनं ऐकायला फुकट जाऊ लागली आणि तिथूनच टीचिंग असिस्टंटची जागा निघाली. तिथे या कामाला अमुक शिक्षण हवंच असं कायदा म्हणत नाही, ते ज्या त्या शाळेने ठरवायचं. पोलिसी नोंदींची तपासणी मात्र कडक.

रविवारी तिचा फोन येतो. "मावशी, इथले दह्याचे डबे उघडत नाहीत गं." मी मनगटाचा हिसका कॅमेऱ्यासमोर करून दाखवते. तिने मला तिथली गंमत सांगितली. पहिल्या इयत्तेतल्या मुलांची २०१२ पासून सरकारी वाचनचाचणी होते, चाळीस शब्दांची. त्यातले निम्मे शब्द जगात नाहीतच! मूल पाठ करून आलं नाही, अक्षरं जुळवूनच वाचतंय, हे कळावं म्हणून ते घडवलेले असतात आणि शेजारी परग्रहवासीयाचं चित्र काढलेलं असतं, म्हणजे मुलाने अर्थ शोधत बसू नये. हिला ते शब्द पहिल्या फटक्यात आले. "मला तिथला प्रत्येक शब्दच तसा होता ना," ती म्हणाली. "बसवर लिहिलेला थांबासुद्धा." तिच्या वर्गात नुकतंच पोलंडहून आलेलं एक पोर आहे. ते बोलत नाही, नुसतं हिच्या कार्डिगनचं टोक धरून फिरतं. काय करू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, टोक मोठं ठेव.

नोकरीआधी शाळेने शिफारसपत्रासाठी दोन नावं मागितली होती. त्यातलं एक तिने माझं दिलं. लग्नाआधी दोन उन्हाळे ती आमच्याकडे मदतीला येत असे. ईमेलने प्रश्नावली आली. अर्जदाराला किती वर्षं ओळखता? स्वभाव कसा? वक्तशीर आहे का? मी ते शेजारच्या मुलाकडून इंग्रजी तपासून घेत सावकाश भरलं. शेवटचा प्रश्न असा, की या व्यक्तीपासून लहान मुलाला इजा पोहोचल्याचा एखादा प्रसंग आपल्याला माहीत आहे काय?

मी पेन खाली ठेवलं. माहीत होता. मोठ्या शिशूत असताना, मोराचं चित्र आधी कुणी रंगवायचं यावरून, तिने एका मुलाच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. हळद मीच लावली होती. बराच विचार करून मी "नाही" लिहिलं. तरी मन खाई, म्हणून त्या मुलाच्या आईला बाजारात गाठून सहज चौकशी केली. तो ऐरोलीला एका कंपनीत लागलाय, पुढच्या वर्षी कॅनडाला जायचं बघतोय. दंडाचं त्याला काही आठवत नाही. मोर मात्र आपणच आधी रंगवला होता, असं तो अजून म्हणतो.