सर्वांनी आपापले माइक बंद ठेवा!

ऑनलाइन चर्चासत्राचं पहिलं वाक्य काय असतं? ‘सर्वांनी आपापले माइक बंद ठेवा.’ चर्चेला बोलवायचं आणि उंबऱ्यातच तोंडाला कुलूप लावायचं, हे कसब आपलंच.

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, ‘आज काय विशेष?’ उत्तर ठरलेलं, ‘विशेष काय, व्हीसी आहे!’ व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. तिच्यात वरिष्ठ बोलतात. बाकीच्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद, मोबाइल फळीवर आणि गुरुजी दळण आणायला. शेवटी वरिष्ठ विचारतात, ‘कुणाला काही शंका?’ सगळ्या चौकटी चिडीचूप. शंका नाही म्हणजे समजलं, समजलं म्हणजे प्रशिक्षण यशस्वी. चॅटमध्ये मात्र झुंबड उडते : नाव, शाळा, केंद्र, तालुका. चर्चेचा लेखी पुरावा म्हणायचा तो एवढाच. 2020 मध्ये शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’ या ऑनलाइन पोर्टलवर आलं, तेव्हा तर वरिष्ठही लागेनात. व्हिडिओ एकटाच बोलत राहिला आणि प्रमाणपत्रं निघत राहिली. निष्ठा आणि दीक्षा दोन्ही आल्या. शंका तेवढी राहिली.

गुरुजींनी हेच पुढं पोरांना दिलं. त्याच वर्षी कोरोनामुळे ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ झालं. झूमची फुकट बैठक 40 मिनिटांची, शाळेचा तासही साधारण तेवढाच. योग जुळून आला म्हणावं तर तास असा जायचा : ‘सर, आवाज येतोय का?’ ‘येतोय, पण तुटतोय.’ ‘गच्चीवर जा.’ ‘सर, गच्ची नाही, पत्रे आहेत.’ तेवढ्यात लाईट जायची. ज्यांच्या घरातला एकुलता एक फोन बापाच्या खिशात बसून शेतात गेलेला, त्यांची गैरहजेरी तर सकाळीच लागलेली.

खरी चर्चा झाली ती कुठल्याच जीआरमध्ये नसलेल्या खिडकीतून. रात्री बाप घरी आला की सेनगावकडची एखादी पोर फोन धरायची आणि धडा वाचून व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट टाकायची. मागं म्हैस हंबरतेय, आजी ‘दमानं वाच की गं’ म्हणतेय. सकाळी गुरुजींचं अर्ध्या मिनिटाचं उत्तर : ‘छान. पण स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला श्वास घे.’ रात्री तीच पोर पुन्हा वाचायची, या वेळी थांबून. डेटा जेमतेम लागतो, रेंज आली की नोट आपोआप जाते, आणि वर्गात कधी तोंड न उघडणारं लेकरूही अंधारात मोबाइलशी बोलतं. कॅमेऱ्याचा थाट नाही, चौकटींचं प्रदर्शन नाही. एक बोलतो, दुसरा ऐकून बोलतो. चर्चा म्हणतात ती हीच.

खरं तर या जिल्ह्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. इथल्याच नर्सीचे संत नामदेव औंढ्याला गुरू विसोबा खेचरांकडे गेले, ती कथा घरोघरी माहीत आहे. विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. पाय नेतील तिथं पिंड! शिष्यानं हरकत घेतली म्हणून गुरूला शिकवता आलं. नामदेव म्यूटवर असते तर विसोबा अजून तसेच पडलेले असते आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र मात्र दोघांनाही मिळालं असतं.

तेव्हा एक नम्र सूचना. पुढच्या व्हीसीत चॅटमधलं नाव-गाव बघून हजेरी लावू नका. ज्यानं एक तरी प्रश्न विचारला, तोच हजर. वरिष्ठांना अर्थातच या नियमाची भीती नाही, ते अखंड बोलतच असतात. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा : ज्यानं एकाचं तरी ऐकून घेतलं, तो हजर.

कोरम भरला नाही तर व्हीसी रद्द करा. गुरुजी तेवढ्या वेळात शाळेत जातील.