सरळ रेषेतले सासर

माझे सासर नागपुरास धंतोलीत, मी राहतो डोंबिवलीत, आणि या दोन स्थळांमधील अंतराविषयी माझे व माझ्या श्वशुरांचे गेल्या वीस वर्षांत एकमत झालेले नाही. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले भूमापक. 33 फुटी साखळी आणि तिचे 16 आणे यांवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा जावयावर कधीच बसला नाही. आता रेल्वेच्या दप्तरी मुंबई-नागपूर अंतर 837 किलोमीटर, समृद्धी महामार्गाची लांबी 701 आणि आकाशातून सरळ रेषा ओढली तर ते भरते पावणेसातशेच्या किंचित वर. साधन बदलताच नागपूर असे अलीकडे सरकते. एखाद्या शेताने हे केले असते तर तहसिलीत त्यावर तक्रारअर्ज रुजू झाला असता.

"जावईबापू, विमानाला किती वेळ लागते?" गेल्या दिवाळीत त्यांनी दूरध्वनीवरून पृच्छा केली.

"दीड तास."

"आणि त्याचा वेग?"

"उंचावर ताशी आठ-नऊशे किलोमीटर."

"मग पाऊण तासात हिशेब संपते. उरलेला पाऊण तास कुठं जाते?"

मी अत्यंत विनयाने निवेदन केले की, विमानाची वेळ ते उभ्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंत मोजतात; चढता-उतरताना त्याचा वेग कमी असतो; शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, सबब विमानांनाही रांग लावावी लागते. "म्हणजे वेशीवर ताटकळणंही प्रवासातच धरते!" एवढे बोलून त्यांनी कैफियत दप्तरबंद केली.

प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवशी मात्र एक भौगोलिक सत्य माझ्या प्रत्ययास आले, ते असे की डोंबिवलीकराला विमानाने नागपुरास जावयाचे तर प्रथम नागपूरकडे पाठ फिरवून पश्चिमेस जावे लागते. टॅक्सीत दोन तास गेले, दोन तास आगाऊ हजर राहण्याच्या हुकुमाची तामिली करण्यात गेले, आणि पुढला एक तास विमानच आले नाही म्हणून गेला. अखेर उड्डाण झाले आणि काही मिनिटांतच सौभाग्यवती खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, ती खाडी बघा, आपली डोंबिवलीच वाटते!" घर सोडून साडेपाच तास झाले होते आणि आम्ही घराच्या डोक्यावर येऊन पोहोचलो होतो.

रात्री जेवताना सासऱ्यांनी आपल्या लहानपणची हकीकत काढली. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत, मध्यरात्रीनंतर आमच्याच या सोनेगावच्या विमानतळावर एकत्र जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. "पत्र तुमच्यापेक्षा लवकर येत होतं, जावईबापू," पानात वडाभाताचा आणखी एक ढीग वाढीत ते म्हणाले. पत्राला दोन तास आधी हजर राहावे लागत नसे, हा मुद्दा माझ्या ओठांवर आला होता. पण वडाभातावर फोडणीचे तेल पडत असता वाद घालू नये, एवढे तारतम्य मजपाशी आहे.

परतीची तिकिटे मी विदर्भ एक्स्प्रेसची काढली, आणि तीही कल्याणपर्यंतचीच.