इंजिन कुठल्या बाजूला?

शरच्चंद्रांची 'देवदास' ही कादंबरी १९१७ ची. तीत पारो आणि चंद्रमुखी भेटतच नाहीत. ही उणीव २००२ च्या चित्रपटात भन्साळींनी दोघींना एकत्र नाचवून भरून काढली. मूळ लेखकाची याहून मोठी सेवा ती कोणती! रूपांतरात अशी उलटापालट व्हायचीच; दौंडला नाही का, पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं पुढून काढून मागे लावलं? प्रवासी तेवढ्यात चहा पिऊन आले. प्रेक्षक मात्र 'कादंबरीचा खून' म्हणत पेटतात. या साहित्यनिष्ठेचा आम्हाला नितांत आदर आहे. म्हणून नम्र सूचना: तिकीट खिडकीवरच पुस्तकाची तोंडी परीक्षा घ्यावी. थिएटरं ओस पडतील, पण निष्ठा टिकेल.

शिरूरला रेल्वे नाही. इंजिन कुठल्या बाजूला हवं, यावर सर्वांत ठाम मत आम्ही तिथंच ऐकलं.