पाच एकर आणि दोन पिंपं

ऑरोरा, कोलोरॅडो
रविवार, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे

ती. आई-बाबांना सा. न.

पार्सल पोचलं. भाजणी सुखरूप, पण मेतकुटाची पुडी फुटली. त्यामुळे दिवाळी अंकांना अप्रतिम वास येतोय आणि मकरंद कधी नव्हे ते संपादकीयसुद्धा वाचतोय.

बाबा, काल फोनवर तुमचा आवाज चढला म्हणून मुद्दाम लिहिते. "जावयानं डोंगरात जमीन घेतली, तीही हप्त्यानं, सातबारा न बघता!" अहो, इथे सातबारा नसतो. काउंटीच्या कचेरीत खरेदीखतं नोंदलेली असतात, ती मी मागची-पुढची सगळी वाचली. तलाठ्याची मुलगी आहे मी. मुळशीत मकरंदला शेतजमीन घेता आली नाही, कारण त्यांच्यात सात पिढ्यांत कुणी शेतकरी नाही. (माझं नाव आपल्या उताऱ्याला लावा म्हटलं, तर आप्पाकाका वर्षभर अबोला धरतील.) इथे शेतकरी असल्याचा दाखला कुणी मागितला नाही. पाच एकर, म्हणजे तुमच्या हिशेबात दोनशे गुंठे, किंमत ९,५०० डॉलर. नंदूमामाच्या नव्या बिल्डिंगमध्ये एवढ्यात बहुतेक पार्किंगच येईल. मामाला म्हणावं, बिल्डरकडून भाड्याचे चेक हातात पडल्याशिवाय घर रिकामं करू नकोस.

जागा सान लुईस खोऱ्यात आहे, न्यू मेक्सिकोच्या सीमेकडे. उंची ८,००० फूट, कळसूबाईहून अडीच हजार फूट वर. समोर ब्लांका शिखर, बाकी सेज नावाची खुरटी झुडपं. वीज नाही, पाणी नाही, रस्ता आहे तो नकाशात. इथली लोकं अशी जागा नुसती तंबू ठोकायला, हरणं बघायला घेतात.

अशा माळाला बँक सहसा दारात उभं करत नाही, म्हणून विकणाराच सावकार होतो. ५०० रोख, उरलेल्यावर बारा टक्के व्याज, महिना १५९ डॉलर, सात वर्षं. गुणाकार केलात ना? साडेनऊ हजारांची जमीन १३,८५६ ला पडते. मकरंद म्हणाला, "महिन्याचं फक्त १५९!" या 'फक्त'वरच त्या लोकांचा धंदा चालतो. शिवाय पहिल्या मसुद्यात खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर मिळणार होतं, मधे हप्ते थकले की जमीनही गेली आणि पैसेही. मी पेन खाली ठेवलं. आता खरेदीखत आधी आमच्या नावावर आणि जमीन तारण. थकलो तरी काउंटीच्या पब्लिक ट्रस्टीमार्फत रीतसर नोटीस येईल. बाबा, शाबासकी पत्रानं पाठवा.

आता पाणी. आई, बसून वाच. आमच्यासारख्या ३५ एकरांहून लहान तुकड्याला विहिरीचा परवाना मिळतो तो बहुधा फक्त घरातल्या वापराचा. प्या, आंघोळ करा, भांडी घासा. पण बाहेर झाडाला घालायचं नाही, गुरांना पाजायचं नाही. म्हणजे तुळस ओट्याशेजारी ठेवली तर चालेल बहुतेक. अंगणात वृंदावन बांधलं की गुन्हा! कारण इथल्या पाण्यावर जमीनमालकाचा नाही, ज्यानं आधी वापरलं त्याचा हक्क. सान लुईस गावच्या पाटाचा हक्क १८५२ सालचा आहे. आम्ही रांगेत शेवटचे.

मग पावसाचं धरू म्हटलं, तर २०१६ पर्यंत तेही बहुतेकांना बेकायदाच. आता घरटी दोन पिंपं चालतात, मिळून ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आत. ते पाणी मात्र बाहेरच वापरायचं! शिवाय पिंपाला घराचं छप्पर लागतं, आमच्याकडे तंबू. आणि पाऊस? शेजारच्या अलामोसाला वर्षाला सातेक इंच. महाबळेश्वरला जुलैतल्या एका तुफान दिवसात पडतो तेवढा. विहिरीचा खर्च विचारलात तर जमिनीच्या किमतीच्या वर जातो. मकरंद सध्या तो विषय टाळतो.

आप्पाकाकांनी पुन्हा बांध कोरला आणि शिंद्यांनी मोजणी आणली, हे ऐकून मात्र बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. त्यांना सांगा, इथे दुसऱ्याच्या गाई आपल्यात शिरल्या तर कुंपण आपणच घालायचं, असा कायदा आहे. ते विमानातच बसणार नाहीत.

बाबा, तुम्ही चतुःसीमा विचारलीत तेव्हा मी फोन मकरंदकडे दिला. आपल्या खरेदीखतात पूर्वेस शिंदे यांचा मळा, पश्चिमेस ओढा, उत्तरेस वहिवाटीची वाट. इथे चारी बाजूंना प्लॉटचे आकडे, मालक फ्लोरिडात नाहीतर टेक्सासात. जागा बघायला गेलो तेव्हा मी मधोमध उभी राहून "ओ शिंदेकाकाऽ" अशी हाक मारली. मकरंद आधी हसला. मग त्यानं थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला आणि काही बोलला नाही. बरं झालं, बोलला असता तर मी तिथेच रडले असते.

असो. चिन्याच्या होणाऱ्या बायकोला माशांचा वास सहन होत नाही, हे पक्कं का? मग तो सुकट सोडणार की मुलगी? साखरपुडा डिसेंबरात असेल तर आत्ताच कळवा, तिकिटं भडकतात. आणि आई, माझी पैठणी सुलूआत्याकडून परत आण. "देते, देते" म्हणेल, ऐकू नकोस, कपाटासमोर उभी राहा.

तुमची,
माधवी